जतन कोणासाठी?

मध्यप्रांत व वऱ्हाड हा प्रांत नकाशावरून केव्हाच नाहीसा झाला. चित्रपटव्यवसायाने मात्र ‘सी. पी. बेरार’ हे नाव सोडले नाही. अमरावती हे या विभागातील चित्रपट वितरणाचे महत्त्वाचे केंद्र होते. चित्रपटांच्या पेट्या येथून वऱ्हाडातील टॉकीजना जात. कराराची मुदत सरली, कमाई थांबली, की त्या फिल्मला मोल उरत नसे. देशात अनेक ठिकाणी जुनी फिल्म धुऊन तिच्यातील चांदी काढून घेतली जाई.

त्या चांदीसाठी आपण काय दिले? ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची (१९१३) म्हणून दोनच रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, तीही १९१७ सालच्या दुसऱ्या निर्मितीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात.

हे संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. त्याची खरी उभारणी करणारे पी. के. नायर केवळ थोर कलाकृती निवडत बसले नाहीत. सामान्य चित्रपटही त्यांनी मिळवून ठेवले. येथे प्रश्न उद्भवतो : जे सुमार आहे, क्वचित अभिरुचीस न रुचणारे आहे, त्याच्या जतनावर समाजाने खर्च का करावा?

आमच्या मते, जतन करणे म्हणजे शिफारस करणे नव्हे. मुलांनी काय पाहावे हे ठरवण्याचा अधिकार आईवडिलांना आहे. नातवंडांना काय पाहताच येऊ नये, हे ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. चांदी काढणाऱ्यांचा हिशेबही त्यांच्या काळापुरता बरोबरच होता. सुमार चित्रपटातही तेव्हाचे रस्ते, पेहराव आणि बोलण्याची ढब टिकून असते.

अकोल्याच्या वैशाखात फिल्म टिकणार नाही. तिला थंड, कोरडी जागाच हवी. म्हणून ठेवा पुण्यात असावा, हे योग्यच. परंतु जे वऱ्हाडात कधी दाखवलेच जात नाही, ते वऱ्हाडापुरते हरवल्यासारखेच आहे. संग्रहालयाने गावोगावी यावे आणि आपल्या शाळा-महाविद्यालयांनी त्याला बोलवावे.

आपल्या कपाटांतही लग्नाच्या, दीक्षाविधीच्या, चर्चच्या सणांच्या व्हिडिओ कॅसेट बुरशी धरत पडल्या आहेत. त्या टाकून देण्यापूर्वी एवढेच विचारावे : ही वस्तू केवळ आमचीच आहे काय?