चिरंजीव कोणास म्हणावे?



गेल्या कार्तिक वद्यातील गोष्ट. माउलींचा समाधिसोहळा आटोपून आम्ही आळंदीस त्या प्रसिद्ध भिंतीपाशी क्षणभर टेकलो होतो. चारी भावंडे जिच्यावर बसून चांगदेवांस सामोरी गेली, तीच ही भिंत, अशी आपली श्रद्धा. एक वृद्ध वारकरी काठी टेकीत आले, भिंतीस हात लावला, तोच हात कपाळी लावला आणि आमच्याशेजारी बसले.

“महाराज, एक विचारू का? रागावायचं नाही.”

“विचारा की, माउली.”

“नातू शहरात कामाला होता माझा. दर पंधरवड्याला त्याला पत्र घालायचो. घरात फोन आहे, पण मला पत्रच बरं वाटतं. अन् दर पत्राच्या माथ्यावर पहिला शब्द काय, तर ‘चिरंजीव’. पोरगं चोविसाव्या वर्षी गेलं. तापाचं निमित्त झालं. अन् मी शहाऐंशीचा, अजून हिंडतोय. साठ वर्षं वारी केली, मग माझा आशीर्वाद खोटा कसा पडला? का देवाच्या घरी पत्त्यातच घोळ झाला?”

सज्जनहो, आम्ही पुष्कळ वर्षे प्रवचने करतो, पण त्या घटकेस आम्हांस उत्तर सुचले नाही. शोकाने पोळलेल्या माणसास ‘आत्मा अमर आहे’ असे सांगणे सोपे असते. ते खरेही आहे. पण त्या वेळी ते म्हणजे भुकेल्यास पंगतीचे वर्णन ऐकविण्यासारखे होते. आम्ही त्यांचा हात हाती घेऊन उगी बसलो. मग समोरच्या भिंतीनेच विषय काढून दिला. त्या दिवशी जे बोलणे झाले, तेच आज आपणांपुढे ठेवतो.

चांगदेव म्हणजे चौदाशे वर्षांचे योगी. शंभर वर्षे भरत आली, काळ दाराशी आला, की हे आपले प्राण ब्रह्मांडी चढवून बसत. काळाने यावे, शोधावे, आणि रिकाम्या हाती परत जावे. वेळ टळली की प्राण पुन्हा खाली. असे चौदा वेळा झाले, अशी कथा आहे. चांगदेव नावाचे अनेक सिद्ध एकामागून एक होऊन गेले असावेत, असे अभ्यासक म्हणतात. तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ असो. आपल्याला कथेचे मर्म घ्यावयाचे आहे.

आता चौदाशे वर्षे म्हणजे किती, याचा जरा हिशेब करू. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० ला. चांगदेवांची व माउलींची भेट त्याच सुमाराची धरली, तर चौदाशे वर्षे मागे जाता शालिवाहन शकाचाही आरंभ झालेला नाही! आपण पंचांगात ज्याचे आकडे मोजतो, त्या शकापेक्षा चांगदेव वयाने मोठे! त्यांनी पैठणचे सातवाहन पाहिले असतील, वाकाटक पाहिले असतील, चालुक्य आले नि गेले, राष्ट्रकूटांनी वेरूळचे कैलास लेणे डोंगरातून कोरून काढले, मग देवगिरीचे यादव आले. लोकांची बोली प्राकृत होती, ती पालटत पालटत मराठी झाली. एवढी राज्ये बुडाली, एवढ्या पिढ्या मातीस मिळाल्या, आणि हा एक माणूस तापीतीरी आसन घालून बसलेलाच! गोष्टींतले राजपुत्र सात समुद्र ओलांडतात, पण ह्या पुरुषाने युगेच्या युगे ओलांडली.

मग कानी वार्ता आली, की आळंदीस एक पोर आहे, त्याने पैठणास रेड्यामुखी वेद बोलविले. चांगदेवांच्या मनात आले, पत्र लिहावे. कागद घेतला, लेखणी उचलली आणि अडले! मायना काय घालावा? ‘तीर्थरूप’ म्हणावे तर समोरचा विशीच्या आतबाहेरचा पोर. ‘चिरंजीव’ म्हणावे तर तो ज्ञानाने वडील. चौदाशे वर्षांत चौदा विद्या झाल्या, चौसष्ट कळा झाल्या, पण पत्राचा मायना काही सुचेना. शेवटी कोराच कागद धाडला.

हे बोलता बोलता आम्ही त्या आजोबांकडे पाहिले. ते म्हणाले, “म्हणजे त्यांचंही घोडं त्याच शब्दापाशी अडलं म्हणा की!”

होय. अगदी त्याच शब्दापाशी.

कागद आळंदीस पोचला. मुक्ताईने उलटसुलट करून पाहिला आणि ती हसली. एवढे जगून हे गृहस्थ अजून कोरेच राहिले म्हणायचे! निवृत्तिनाथांनीही तोच कागद पाहिला. ते ज्ञानोबांस म्हणाले, याला उत्तर लिही. सज्जनहो, कागद एकच, पण दोघांनी तो दोन परींनी वाचला. मुक्ताईस त्यावर काहीच लिहिलेले नाही हे दिसले. निवृत्तिनाथांस त्यावर अजून लिहिता येईल हे दिसले. दोघांचेही खरे. माउलींनी उत्तर लिहिले, त्या ६५ ओव्यांस आपण ‘चांगदेव पासष्टी’ म्हणतो. दागिना मोडला तरी सोने मोडत नाही, आणि मीठ पाण्याची खोली मापावयास गेले तर मापणाराच उरत नाही, असे दृष्टांत देऊन माउलींनी सांगितले, की तू आणि मी दोन नव्हेत. वर्षे मोजणारा ‘मी’ विरघळला, की मग आयुष्य चौदाशेचे काय आणि एकवीसचे काय!

पण पत्र वाचूनही गर्व गेला नाही. चांगदेव वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन, चौदाशे शिष्यांसह निघाले. भावंडे बसली होती भिंतीवर. ती भिंत चालू लागली. वाघ सजीव, त्याला वठणीवर आणता येते. मातीच्या भिंतीला कोण धमकावणार? चांगदेव खाली उतरले, आणि लोटांगण घातले. पुढे त्यांनी गुरू कोणास केले? त्या चौघांतल्या सर्वांत धाकट्या मुक्ताईस! चौदाशे वर्षांचा म्हातारा त्या दिवशी लेकरू झाला. आम्हांस विचाराल तर चांगदेवांचा खरा जन्म त्या दिवशीचा. आधीची चौदाशे वर्षे ही नुसती वाट पाहण्यात गेली.

आता चिरंजीवांची गोष्ट. वाढदिवशी आपण सात चिरंजीवांची नावे घेतो. त्या सातांत पहिले नाव कोणाचे? अश्वत्थाम्याचे. त्याला दीर्घायुष्य मिळाले ते शापाने. निजलेल्या पांडवपुत्रांस त्याने मारले, उत्तरेच्या गर्भावर अस्त्र टाकले. तेव्हा भगवंतांनी शाप दिला, की तीन हजार वर्षे एकटा, रक्तपुवाच्या दुर्गंधीसह रानोमाळ हिंडशील, कोणी तुझ्याशी बोलणार नाही. म्हणजे तोही चिरंजीव! आणि त्याच सातांत मारुतिराय. रामकथा जोवर पृथ्वीवर चालेल, तोवर ते राहणार. ते चिरंजीव कथेसाठी, नामासाठी. आयुष्य दोघांसही लांबच मिळाले, पण एकाची त्यात जखम वाहते आणि एकाचे त्यात नाम चालते. तात्पर्य, लांबी ही आयुष्याची थोरवी नव्हे. आत काय भरले, हे पाहावे.

आजोबा म्हणाले, “ते कळलं, महाराज. पण मागं राहिलेल्यानं काय करायचं?”

हा खरा प्रश्न. आम्ही म्हणालो, निवृत्तिनाथांस विचारा. ते सर्वांत थोरले, आणि ज्ञानोबांचे गुरू. शके १२१८ च्या कार्तिकात ज्ञानोबा समाधिस्थ झाले. पाठोपाठ सासवडास सोपानकाका गेले. शके १२१९ मध्ये तापीकाठी मुक्ताई गुप्त झाली. धाकटी तिन्ही डोळ्यांदेखत गेली, आणि थोरला मागे उरला. ज्ञानोबांच्या समाधीच्या वेळी निवृत्तिनाथांचे धैर्य कसे सुटले, ते नामदेवरायांनी समाधीच्या अभंगांत वर्णिले आहे. प्रत्यक्ष नाथ रडले, माउली! तेव्हा तुमचे अश्रू काही भक्तीत उणे नाहीत. रडा. ‘देवा, घोळ झाला का?’ असेही खुशाल विचारा. विठोबा आपला आहे, परक्याला कोणी असे विचारते का?

मग आम्ही विचारले, “नातू वारीला येत होता का?”

“तीन वाऱ्या केल्या माझ्याबरोबर. माझी पडशी तोच घ्यायचा. तिसऱ्या वारीला टाळ वाजवायला शिकला. ताल चुकला की मलाच हसायचा.” बोलता बोलता ते हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

आम्ही म्हणालो, “मग त्याचा कागद कोरा नव्हता, आजोबा. थोडक्यात होता, पण लिहिलेला होता. तुम्ही ‘चिरंजीव’ लिहिलेत ते वर्षांसाठी असेल, तर ते खुंटले, हे आम्ही नाकारीत नाही. पण ते प्रेमाने लिहिले होते, आणि ते प्रेम त्याला पोचले. पत्त्यात घोळ नव्हता. आता तुमच्या वाट्याला जी वर्षे आली, ती शिक्षा मानू नका, बक्षीसही मानू नका. तो निवृत्तिनाथांपुढचा कागद माना.”

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “टाळ घरीच आहे त्याचा. खुंटीला. हात लावायचं धाडस होत नव्हतं.” एवढे बोलून भिंतीस पुन्हा हात लावून ते गेले.

पुढे आषाढीच्या आधी आम्हांस एक कार्ड आले. आळीतल्या दोन पोरांस ते टाळ शिकवीत आहेत, एकाचा ताल फार चुकतो, एवढाच मजकूर. दुःख गेले, असे त्यात लिहिले नव्हते, आणि आमचीही तशी समजूत नाही. पण कार्डाच्या माथ्यावर आम्हांस मायना घातला होता ‘चिरंजीव’. आमची साठी उलटून गेली आहे, तरी तो शब्द वाचून लहान झाल्यासारखे वाटले. चांगदेवांस जो शब्द लिहिता आला नाही, तो ह्या म्हाताऱ्याच्या लेखणीस पुन्हा लिहिता आला, ही माउलींचीच कृपा!

सज्जनहो, आपणा प्रत्येकाच्या हाती असा एक कागद आहे. कोणाचा लांब, कोणाचा आखूड. तो किती उरला, हे मोजण्यात चांगदेवांनी चौदाशे वर्षे घालविली. आपण तितके कोठून आणणार? आज जेवढा हाती आहे, तेवढ्यावर नाम लिहावे, जमल्यास कोणा लेकरास चार ताल शिकवावे, आणि पुढचे पंढरीरायावर सोपवावे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!