चकाकी बघून लग निवडणाऱ्या महाशयांस

मान खाली घालून काय होणार आहे? पॅनेलचं झाकण उघड आणि काय दिवे लावलेस ते सगळ्यांना दाखव.

पावसला आंबा बागेतल्या पंपाचं पॅनेल. पलीकडे रनपारचा समुद्र. आणि वायरच्या टोकांना तू निवडलेस निकेल चढवलेले तांब्याचे लग. का? तर म्हणे, ‘सर, चकाकतात, कठीणही आहेत.’ लग्नाचा बस्ता बांधायला गेला होतास काय? आणि हा चौथा कथिलाचा लग काळवंडला म्हणून पॉलिश पेपरने घासलास! बघ, लाल तांबं डोकावतंय खालून. काही मायक्रॉनचा थर तो, तू दोन हातांत उडवलास. कथील कपड्याने पुसायचं असतं, खरवडायचं नसतं.

कठीणपणाचं कौतुक मला सांगू नकोस. निकेलवरचा ऑक्साइड चिवट. साध्या आवळण्याने फुटत नाही. कथिलावरही ऑक्साइड बसतोच, पण बोल्ट आवळला की तडकतो आणि धातूला धातू भिडतो. ‘कथिलापेक्षा निकेल जास्त वाहक,’ हे पुस्तकातलं वाक्य तोंडावर फेकू नकोस. एवढ्याशा थरात वीज अडत नाही. अडते ती दोन पृष्ठभाग टेकतात तिथे. जोडात १ मिलिओहम रोध असेल तर १०० अँपिअरला तिथे १० वॅट उष्णता होते, २०० ला ४०. हा वर्गाचा हिशेब शाळेत शिकला होतास ना?

म्हणजे निकेल टाकाऊ? तसंही नाही. कथील २३२ अंशांना वितळतं. त्याच्या बरंच आधी, सतत तापत राहिलं तर तांबं आणि कथील मिळून ठिसूळ संयुगं होतात. निकेल वितळतं १४५५ ला. म्हणून कथील चढवलेली तांब्याची तार साधारण १५० अंशांपर्यंत चालवतात, निकेल चढवलेली २६० पर्यंत. भट्टीच्या हीटरच्या टोकाला निकेलच हवं. तुझा पंप काय भट्टी आहे?

इथे वैरी आहे तो खारा वारा. उघडं तांबं बघता बघता हिरवं पडतं. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं हे घरी आजीला कळतं, तुला कळू नये? त्यात वरून येणारी वायर ॲल्युमिनियमची. उघड्या तांब्याला ती जोडलीस तर ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जाणार. कथिलाने ती झीज बरीच कमी होते. खरं तर तिथे बायमेटॅलिक लगच हवा.

पण कथील लावलं की सुटलो, असंही समजू नकोस. पंपाच्या थरथरीत जोड सैल पडला की कथील झिजतं, त्यावर ऑक्साइड चढतो, पुन्हा झिजतं, आणि जोड तापायला लागतो. स्प्रिंग वॉशर कुठे आहेत? खिशात?

चारही लग कापून टाक. ॲल्युमिनियमच्या वायरला बायमेटॅलिक, बाकीच्यांना कथिलाचे नवे नीट क्रिंप कर, वॉशर घाल, टॉर्क पान्याने आवळ. यापुढे दुकानाची पायरी चढण्याआधी स्वतःला दोनच प्रश्न विचारायचे: जोड किती तापणार आणि हवा कसली? उत्तर देता येत नसेल, तर पान्याला हात लावायचा नाही.