उरलेले घोडे

वाईच्या एका तरुणाला शिरवळच्या कारखान्यात नोकरी लागली. घरात जुनी स्प्लेंडर होती, ९७ सीसीची, जेमतेम ८ अश्वशक्तीची. चार पैसे गाठीला लागले तसं त्याचं मन मामेभावाकडे होती तसल्या ड्यूक ३९० वर बसलं. ३७३ सीसी, ४३ घोडे. स्प्लेंडरच्या पाचपट!

तो गॅरेजवर गेला. "मिस्त्रीकाका, हिला गिऱ्हाईक बघा."

"बघू की. नवी केवढी घेतोयस?"

"४३ घोड्यांची."

"बरं. त्यातले रोज किती जुंपणार?"

पोराला उत्तर सुचेना. मिस्त्रीने उपदेश केला नाही. तरुण माणसाला गाडीची ओढ असावीच, असं मानणारा तो माणूस होता. त्याने सांगितलं एवढंच, की दोन आठवडे मामेभावाशी गाड्यांची आलटापालट कर, दोन्ही चालव आणि मूठ किती पिळली जाते ते बघ. दोन्ही गाड्यांच्या मुठीवर त्याने हिरवी, पिवळी, तांबडी अशी टेप लावून दिली. "चालवताना मुठीकडे बघायचं नाही, रस्ता बघायचा. उभ्या गाडीवर एकदा रंग ओळखून घे, पुढं मनगटालाच कळतं. घरी आल्यावर वहीत लिही."

पाव मूठ म्हणजे पाव ताकद, असं गणित नसतं. इंजिनाची ताकद फेऱ्यांवरही ठरते. ३९० चे ते ४३ घोडे मिनिटाला ९,००० फेऱ्यांच्या आसपास जागे होतात, आणि गावातून, हायवेवरून जाताना इंजिन बहुतेक वेळ त्याच्या निम्म्यावरच फिरत असतं. तरी कल कळायला टेप पुरेशी होती.

त्याने मनापासून लिहिलं. सकाळी सुरूरवरून बोगद्यातून शिरवळ, संध्याकाळी परतताना खंबाटकीचा घाट, रविवारी आईला मागे बसवून पसरणी घाटाने पाचगणी. ३९० च्या पानांवर सगळीकडे हिरवंच होतं. पिवळं क्वचित. तांबडं एकदाच, सुरूरच्या अलीकडे मोकळ्या रस्त्यावर, आणि त्यापुढे त्याच्याच अक्षरात: 'लगेच सोडली. पुढे ट्रॅक्टर.'

स्प्लेंडरचं पान वेगळं निघालं. शिरवळला जाताना पिवळं. पसरणीला एकटा असताना पिवळं, आई मागे असताना तांबडं, पण गाडी तिसऱ्या गिअरमध्ये निमूट चढली. खंबाटकीत मित्राला डबलसीट घेऊन येताना मात्र तांबडं संपलं, मूठ पुढे फिरेना आणि शेजारचा ट्रक मागे पडेना. तो ओव्हरटेक त्याने अर्ध्यात सोडला होता.

मिस्त्रीने दोन्ही पानं शेजारी ठेवली. "आता हिशेब सोपा झाला," तो म्हणाला.

तो हिशेब सगळ्यांनीच समजून घेण्यासारखा आहे. सपाट रस्त्यावर साध्या मोटरसायकलला ताशी ६० च्या वेगाने जायला चाकावर सुमारे ३ अश्वशक्ती लागते. ८० ला ६, १०० ला ११ च्या घरात, १२० ला १८ च्या वर. वेग दुप्पट केला की वाऱ्याला कापायला लागणारी ताकद आठपट होते, म्हणून आकडे असे उसळतात. पण चारपदरी हायवेवर दुचाकीला २०१८ पासून कायद्याने मर्यादाच ८० ची आहे. म्हणजे सपाटीला ८ घोड्यांची गाडीही कशीबशी निभावून नेते.

खरा प्रश्न चढावर येतो. गाडी आणि दोन माणसं मिळून अडीचशे किलो धरा, पंधराला एक असा चढ, वेग ५०. इथे नुसतं तेवढ्याच वेगाने वर जायला ५ च्या आसपास घोडे खर्ची पडतात. स्प्लेंडरच्या इंजिनातून चाकापर्यंत साडेसहा पोचले, तर हाताशी एखादाच उरतो. ट्रक ओलांडायला जो लागतो तो हा उरलेला घोडा. कंपनीने छापलेल्या आकड्यापेक्षा माणसाने याच्याकडे बघावं, असं मला फार वाटतं, कारण मधल्या लेनमध्ये अडकलेल्या माणसाच्या कामी तोच येतो.

"१५ ची गाडी घेतलीस," मिस्त्री म्हणाला, "तर त्याच जागी सहा-सात उरतील. ट्रक मागं टाकायला भरपूर झाले."

"आणि ४३ ची?"

"तीस उरतील. ट्रक मागं पडंल, पण पुढचं वळणही तेवढ्याच झपाट्यानं अंगावर येणार. वेग दुप्पट झाला की थांबायला जागा चौपट लागते, ती घाटात कुठनं आणायची? तुझा मामेभाऊ गेली कित्येक वर्षं लांबलांबचे रस्ते मारतोय. त्याचा हात बसलाय, अन् गाडी उघडायला त्याला रस्ताही मिळतो. त्याची गाडी वाया नाही गेलेली. तुझा रस्ता हा आहे." त्याने वहीवर बोट ठेवलं.

पोरगा त्या दिवशी नाराज होऊन घरी गेला. आवडलेली गाडी हिशेबात हरते तेव्हा वाईट वाटतंच. पण वही त्याचीच होती, अक्षर त्याचंच होतं, आणि ते खोडायला त्याचं मन होईना.

महिन्याभराने तो शोरूममध्ये गेला. विक्रेता सर्वांत मोठ्या गाडीपाशी घेऊन गेला, तर याने १६० सीसीची, १५ घोड्यांच्या आसपासची गाडी ट्रायलला मागितली. एकटा नाही, बहिणीला मागे बसवून. पुढचा डिस्क ब्रेक दोनतीनदा दाबून पाहिला, एबीएस कसा धरतो ते विचारलं, बहिणीचे पाय फूटरेस्टवर नीट टेकतात ना ते बघितलं. बुकिंग केलं. वाचलेल्या पैशांतून चांगली दोन हेल्मेटं, हातमोजे आणि रेनकोट घेतला. पैसे तरीही उरले.

ते घेऊन बहीणच गॅरेजवर आली. पाचगणीच्या एका शाळेत तिला शिक्षिकेची नोकरी लागली होती. एकटीने जायचं, पसरणी चढायची, वेग तीस-चाळीसचा.

"स्प्लेंडरला गिऱ्हाईक आलंय काल," मिस्त्री म्हणाला.

"त्याला नाही म्हणून सांगा, काका. सोमवारपासून मी नेणार आहे. दोन्ही टायर नवे टाका, ब्रेक शू बदला, चेनस्प्रॉकेटही बघा."

मिस्त्रीने गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि मागचं चाक खोलायला घेतलं.