माकड, वजन आणि कर्तृत्व

कप्पीवरून एक दोर सोडलेला आहे. त्याच्या एका टोकाला माकड लोंबकळते आहे. दुसऱ्या टोकाला नेमके त्याच्याच भाराचे वजन बांधलेले आहे. दोर व कप्पी भाररहित, घर्षण मुळीच नाही. माकड दोर चढू लागले तर वजनाचे काय होईल? ‘अ‍ॅलिस’चा कर्ता लुईस कॅरॉल, म्हणजेच ऑक्सफर्डचा गणिती चार्ल्स डॉज्सन, याने हे कोडे जाणकारांपुढे ठेवले आणि त्यांची उत्तरे डिसेंबर १८९३ मध्ये आपल्या दैनंदिनीत नोंदविली. प्राइस यांच्या मते वजन वाढत्या वेगाने वर जाते. क्लिफ्टन यांच्या मते माकडाच्याच वेगाने वर जाते. सॅम्प्सन यांच्या मते ते चक्क खाली येते. (पहिल्या दोन मतांत खरे तर विरोध नाही. माकडाचा वेग वाढत असेल, तर दोन्ही एकाच वेळी खरी ठरतात.)

उत्तर अवघड नाही. दोरातील ताण दोन्ही बाजूंना सारखाच असतो आणि गुरुत्वाकर्षणही दोघांवर सारखेच. म्हणून माकडाची जी गती, तीच वजनाची. माकडाच्या हातांखालून दोन मीटर दोर सरकला, तर माकड एक मीटर वर जाते आणि वजनही एक मीटर वर जाते. माकडाने हात सोडलेच, तर दोन्ही एकाच वेगाने कोसळतात.

तरीही मन हे उत्तर सहजी स्वीकारत नाही, आणि विचारार्ह आहे ते हेच. स्नायू माकडाला आहेत, दमते माकड, ऊर्जा सर्वस्वी त्याचीच खर्च होते. मग निश्चेष्ट वजनाला तेवढीच उंची का मिळावी? हा आक्षेप यामिकीचा नव्हे, न्यायबुद्धीचा आहे. चढणे हे चढणाऱ्याचेच कर्तृत्व, ही समजूत झाडावर चढण्याच्या अनुभवातून आली आहे. झाड ढळत नाही, म्हणून त्याचा आधार हिशेबात धरला जात नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगताना कर्त्याच्याही आधी अधिष्ठान मोजले आहे, याची येथे आठवण होते.

या कोड्यात परोपकाराचे रूपक शोधण्याचा मोह मात्र टाळावा. जे राखून ठेवणे माकडाच्या हाती नाही, त्याला दान म्हणता येत नाही. वजनही आयतोबा नव्हे. ते नसते, तर माकड दोरासकट जमिनीवर आले असते.

विहिरीवरच्या गंजलेल्या कप्पीची गोष्ट निराळी. तेथे माकड सावकाश चढले, तर ताणातला किरकोळ फरक घर्षणच पेलते. वजन जागचे हलत नाही, माकड एकटेच वर जाते आणि पाहणाऱ्याला सारे श्रेय त्याचेच वाटते. चढताना जोराचा हिसका बसला, की कप्पी करकरत फिरते आणि वजनही वर सरकू लागते.