सुई टोचण्याआधी

पांडुरंगा, हरण्याचं गाऱ्हाणं घेऊन मी आलेले नाही. हरणं आमच्या क्लबाला नवं नव्हतं. क्रोनला शार्क्स 1967 साली सिडनीच्या वरच्या रग्बी लीग स्पर्धेत उतरले आणि पहिलं विजेतेपद मिळायला 2016 उजाडलं. जॅक गिब्सन नावाचे नामांकित प्रशिक्षक एकदा म्हणाले होते की, क्रोनला जिंकण्याची वाट बघणं म्हणजे हॅरल्ड होल्टसाठी ओसरीवर दिवा लावून ठेवणं. होल्ट हे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान. त्याच 1967च्या डिसेंबरात ते समुद्रात पोहायला उतरले आणि पुन्हा कुणाला दिसले नाहीत. इतकी वर्षं हे ऐकत आमची माणसं वूलूवेअरच्या मैदानावर येत राहिली. वाट बघणं म्हणजे काय, हे तुला कुणी सांगायला नको. अठ्ठावीस युगं तू विटेवर उभा आहेस.

माझं गाऱ्हाणं 2011 सालचं आहे.

रग्बी लीग हा अंगावर घेण्याचा खेळ. तेरा माणसं समोरच्या तेरांवर ऐंशी मिनिटं आदळत राहतात. खांदा निखळतो, बरगडी दुखावते, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरायचं असतं. अशा शरीराला लवकर बरं करण्याचं आमिष दाखवणं फार सोपं आहे, देवा. त्या वर्षी स्टीफन डँक नावाचा क्रीडाशास्त्रज्ञ क्लबात आला आणि काही आठवड्यांत आमच्या मुलांच्या अंगात पेप्टाइड गेली. सीजेसी-1295 आणि जीएचआरपी-6 ही त्यांची नावं. मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीला ती वाढीचं संप्रेरक जास्त सोडायला लावतात. यातल्या पहिल्याला माणसांसाठी औषध म्हणून मान्यताच नव्हती. आपल्याला नियमात बसणारंच दिलं जातंय असं सांगितलं गेलं, असं खेळाडू पुढे म्हणाले. मी त्यांचं खरं धरते. विशीतल्या मुलाला त्याचा क्लब सांगतो, हात पुढे कर, तेव्हा तो कुणाकडे दाद मागणार होता?

मग 7 फेब्रुवारी 2013. केंद्रातले दोन मंत्री आणि देशातल्या बड्या खेळांचे प्रमुख कॅमेऱ्यांसमोर ओळीने उभे राहिले. खेळांतल्या उत्तेजकांबद्दल गुन्हेगारी आयोगाचा अहवाल निघाला होता. एकाही क्लबाचं वा खेळाडूचं नाव न घेता संशय सगळ्या देशावर सोडून दिला गेला. पुढे तो आमच्यावर येऊन थांबला. त्या 7 फेब्रुवारीला जॉन मॅनाला जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते. आमच्याकडून खेळून पॅरामॅटाला गेलेला हा मुलगा हॉजकिन्स लिम्फोमाशी झगडत वयाच्या तेविसाव्या वर्षी गेला. त्याच्या आजाराचा त्या इंजेक्शनांशी काही संबंध होता का, यावर पुढे वर्तमानपत्रांत आणि न्यायालयात बरंच बोललं गेलं. त्यात मी माझी भर घालणार नाही. एवढंच मागते, की त्याच्या घरच्यांना त्याचं नाव ऐकताना आधी त्याचा खेळ आठवू दे.

त्या महिन्यांत आमच्या लोकांच्या तोंडून काय काय निघालं ते तू ऐकलंस. सगळेच घेतात, धरलं फक्त आम्हाला. पेपरवाल्यांना आम्हीच सापडतो. पोरांचा काय दोष? यातलं शेवटचं वाक्य खरं आहे, आणि पहिल्या दोन वाक्यांच्या गलक्यात तेच हरवलं. राग उत्तेजकविरोधी संस्थेवर निघाला, बातमीदारांवर निघाला, समोरच्या संघाच्या सिरिंज दाखवून चिडवणाऱ्या प्रेक्षकांवर निघाला. त्या अंगांमध्ये नक्की काय गेलं, ते कुणाला ठाऊक होतं आणि कुणी लिहून ठेवलं, हे विचारायला राग उरलाच नाही. हे मी त्या माणसांना कमी लेखून म्हणत नाही. ती माझीच माणसं आहेत. घरातल्या मुलावर बाहेरच्यांनी बोट दाखवलं की आधी दार लावून घेतलं जातं, तसं ते झालं.

पण त्या बंद दाराचा फायदा मुलांना मिळाला नाही, देवा.

डिसेंबर 2013मध्ये क्लबाला दहा लाख डॉलरचा दंड झाला आणि प्रशिक्षक शेन फ्लॅनगनवर वर्षभराची बंदी आली. 2014च्या हंगामात आम्ही तळाला गेलो. त्या ऑगस्टमध्ये कप्तान पॉल गॅलनसह आजी-माजी खेळाडूंनी बारा महिन्यांची बंदी स्वीकारली. ती मागच्या तारखेपासून मोजली गेल्यामुळे प्रत्यक्षात हंगामाच्या शेवटचे मोजके सामनेच हुकले. बाहेरचे म्हणाले, स्वस्तात सुटले. मला तो हिशेबच पटला नाही. नावापुढे लागलेला डाग मागच्या तारखेपासून मोजून कमी होत नाही.

आणि मग 2 ऑक्टोबर 2016. मेलबर्न स्टॉर्मवर 14-12. शेवटच्या क्षणी स्टॉर्मचे खेळाडू चेंडू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत होते आणि आमची दमलेली पोरं धावून धावून त्यांना अडवत होती. दोन गुणांची ती आघाडी टिकली. म्हातारी माणसं रडली. तो आनंद तू आमच्याकडून काढून घेऊ नकोस. तो घामाने मिळवलेला होता, असं मी मानते. फक्त त्याच्याकडून 2011 धुऊन काढण्याचं काम कुणी करून घेऊ नये.

कारण 2018च्या डिसेंबरात पुन्हा दार उघडलं. बंदी असताना फ्लॅनगन क्लबाशी संपर्क ठेवून होता, असं लीगला आढळलं आणि त्याची नोंदणी रद्द झाली. विजेतेपद मिळवून देणारा तोच प्रशिक्षक. सुयांच्या बातमीपेक्षा मला याचा घाव जास्त लागला. पहिल्या वेळी अज्ञान होतं, फसवणूक होती, घाई होती असं म्हणता येत होतं. शिक्षा भोगली, प्रकरण संपलं, असं धरून ज्यांनी पुन्हा निळे-काळे-पांढरे स्कार्फ गळ्यात घातले, त्यांच्या विश्वासाचं काय?

आमच्या क्लबाचा भाग म्हणजे सदरलंड शायर. या शायरच्या दक्षिणेला हेलेन्सबर्गला व्यंकटेशाचं देऊळ आहे. सिडनीतली आपली मंडळी तिथे दर्शनाला निघाली की कितीदा आमच्या सदरलंडवरूनच पुढे जातात. मी तिथेही हेच मागते. तो तिरुपतीचा, तू पंढरीचा, पण ऐकणारा कान एकच आहे हे मला ठाऊक आहे.

विठ्ठला, आमच्या प्रेमाच्या आड कुणाला लपू देऊ नकोस. क्लबाच्या भल्यासाठी गप्प बसा असं कुणी सांगितलं, तर क्लब म्हणजे नेमकं कोण, हे विचारण्याचं बळ आम्हाला दे. आज शायरच्या एखाद्या मैदानावर सराव करणारा सतरा वर्षांचा मुलगा उद्या मोठ्या संघात जाईल. कुणी बाही वर करायला सांगितलं तर "यात काय आहे?" हा प्रश्न त्याच्या ओठांवर येऊ दे. सोबतचे त्याला हसू नयेत. त्याच्या बापाने त्याला गप्प करू नये. लेखी उत्तर येईपर्यंत सुई बाजूला राहू दे, आणि उत्तर आलंच नाही तर आम्ही त्याच्या मागे उभे असू दे.

आणि जे तेव्हा विशीत होते, त्यांची आता चाळिशी आली आहे. उद्या कुणाला काही दुखलंखुपलं, डॉक्टरांनी जुनी माहिती मागितली, तर त्यांच्याजवळ अंदाज नको, कागद हवा. कोणत्या दिवशी, कोणतं द्रव्य, किती दिलं, कुणाच्या सांगण्यावरून दिलं. ज्याच्याकडे ही माहिती असेल त्याला ती त्यांच्या हाती द्यायला लाव, पांडुरंगा, मग तो आमचा कितीही लाडका असो.