नावांची भिंत

कलावंताने आपल्या कृतीत स्वतः किती उरावे? कवितेपुरता हा रसिकांच्या चर्चेचा विषय आहे. पण ज्या वास्तूपुढे लोक आपले दुःख घेऊन उभे राहायचे, ती घडवणाऱ्यापुढे तो नीतीचा प्रश्न होतो.

माया लिन ही अमेरिकेतील येल विद्यापीठाची २१ वर्षांची विद्यार्थिनी. व्हिएतनामच्या युद्धात पडलेल्यांचे स्मारक वॉशिंग्टनमध्ये उभारण्यासाठी १९८१ साली स्पर्धा झाली. १,४२१ आराखडे आले. आराखड्यांवर नावे नव्हती, नुसते क्रमांक होते. निवडला गेलेला १०२६ क्रमांकाचा आराखडा तिचा निघाला.

तिची रीत साधी होती. आधी ती जागा पाहून आली. जमीन सुरीने चिरावी, काळाने ती जखम भरावी, पण व्रण राहावा, असे तिला तेथे वाटले. युद्ध न्याय्य की अन्याय्य, यावरून देश दुभंगला होता. तो वाद तिने बुद्ध्याच उंबऱ्याबाहेर ठेवला. उरली ती नावे. दोन काळ्या भिंती कोनात मिळतात आणि त्यांवर आज ५८,००० हून अधिक नावे मृत्यूच्या तारखेच्या क्रमाने आहेत. क्रम कोनापाशी सुरू होऊन कोनापाशीच संपतो. दगड आपल्या बंगळूरकडचा. इतका घोटलेला, की नाव वाचणाऱ्याला त्यात आपलाच चेहरा दिसतो.

नावे अकारविल्हे लावा, शोधायला सोपी जातील, असे सुचवण्यात आले. तिने मानले नाही. एकाच दिवशी पडलेले सोबती त्याने एकमेकांपासून दुरावले असते.

मग हा अहंकारच नव्हे काय? मला तसे वाटत नाही. ‘हे माझे आहे, बदलू नका’ हा एक हट्ट. ‘हे त्यांचे आहे, बदलू नका’ हा दुसरा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पारख एकच: बदलाने करणाऱ्याचे नुकसान होते, की ज्यांच्यासाठी केले त्यांचे?

तरी विरोधकही खोटे नव्हते. लढून परतलेल्या काहींना ती भिंत लाजेची खूण वाटली. त्यांच्या आग्रहाने १९८४ साली थोड्या अंतरावर तीन सैनिकांचा ब्राँझचा पुतळा बसला. लिनला ती कल्पना मान्य नव्हती. येथे मात्र मी पुतळा मागणाऱ्यांच्या बाजूने उभा राहीन. इतरांनी आपल्याच भाषेत रडावे, असा हक्क उत्तम कलावंतालाही नाही. पुतळा भिंतीवर न चढता बाजूला राहिला, एवढे पुरे.

लोक भिंतीवर कागद धरतात, पेन्सिल घासून आपल्या माणसाचे नाव उतरवून घेतात आणि घरी नेतात. भिंत कोणी रेखाटली, हे त्यांतल्या कित्येकांना ठाऊकही नसेल. त्यांचे काही अडत नाही. आणि माझ्या मते, तिचेही काही अडू नये.