दगडावर कोरलेला प्रश्न



आजचे प्रतिसाद स्तोत्र (स्तोत्र १२१) यात्रेकरूंचे आहे. यरुशलेमची चढण चढताना भाविक ते गात असत. देव तुझा पाय घसरू देणार नाही, असे आश्वासन त्यात आहे. पण ज्या घरात अपघाती मरण आले, त्या घरच्यांनी ते कसे म्हणावे? अंत्यविधीनंतर सांत्वनाला गेलो की, “फादर, तेव्हा देव कुठे होता?” असे हमखास कोणी तरी विचारते.

उत्तराखंडातील ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’चे नाव आपल्या तरुणांना ठाऊक आहे. गोविंदघाटाहून झाडीतून चढत घांगरिया या वस्तीवर पोहोचायचे. तेथे वाट फुटते. एक हेमकुंड साहिब गुरुद्वाऱ्याकडे जाते, तर दुसरी पुष्पावती नदी ओलांडून भूर्जवृक्षांच्या जंगलातून वर चढते. मग रान संपते आणि समोर मैलोगणती फुलांचे कुरण पसरलेले दिसते. जुलै-ऑगस्टच्या पावसात ते पूर्ण बहरते. तेथे मुक्कामाला बंदी आहे, दिवस मावळण्याआधी परतावेच लागते. (तीन मंडप उभारू पाहणाऱ्या संत पेत्राची तेथे निराशाच झाली असती!)

त्या कुरणात एक कबर आहे. जोन मार्गारेट लेग ही चोपन्न वर्षांची इंग्रज बाई १९३९ साली फुलांचे नमुने गोळा करायला तेथे आली. ४ जुलै रोजी खडकावरून तिचा पाय घसरला आणि ती मरण पावली. पुढे तिच्या बहिणीने तेथे येऊन दगड बसविला. त्यावर कोरले आहे ते याच स्तोत्राचे पहिले वचन, डोंगरांकडे नजर लावून साहाय्याची वाट पाहणारे! ज्या डोंगराने बहीण नेली, त्याच डोंगरावर हे शब्द. थट्टा वाटावी, नाही का?

पण स्तोत्र नीट वाचा. मूळ हिब्रूत त्या वचनाचा उत्तरार्ध हा प्रश्न आहे: माझे साहाय्य येणार तरी कोठून? उत्तर दुसऱ्या वचनात येते. आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्या प्रभूकडून, डोंगरांकडून नव्हे. दगडावर फक्त प्रश्न आहे. उत्तर वाचणाऱ्याने आपल्या श्रद्धेतून आणायचे.

संत थॉमस अक्वायनस शिकवितात की, देव निर्मितीला तिचे स्वतःचे गुणधर्म देतो आणि त्यांच्याद्वारे कार्य करतो. जो पाऊस ती फुले फुलवितो, तोच खडक निसरडे करतो. देवाने दर वेळी खडक कोरडा ठेवावा, अशी हमी स्तोत्रकार देत नाही. आपले जाणे-येणे देव सर्वकाळ सांभाळील, असे शेवटच्या वचनात तो म्हणतो. हा ‘सर्वकाळ’ मरणापाशी थांबत नाही. दुःखाच्या पहिल्या दिवशी मात्र हे कोणाला समजावू नये. त्या दिवशी नुसते जवळ बसावे.

आजच्या पहिल्या वाचनात मोशे टेकडीवर उभा आहे. त्याचे हात थकून खाली येतात, तेव्हा अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवितात आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्यास्तापर्यंत धरून ठेवतात.

२ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत जमू. आपल्या माणसाच्या क्रूसावर कोणते वचन लिहिले आहे ते यंदा थांबून वाचा. घरी आल्यावर बायबल उघडून त्याच्या पुढचे वचनही वाचा. आणि शेजारच्या कबरीपाशी कोणी एकटेच उभे असेल, तर मेणबत्ती घेऊन तिकडेही जा.

तुमचे धर्मगुरू